हद्दवाढीत मागच्या गल्लीत जायला मेन रोडचा वळसा का? (सोलापूर, रस्त्यांची जोडणी, लांबट धागा)

पेठेतला_सोलापूरकर

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड, शेळगी, बाळे, केगाव, हद्दवाढीतली, म्हणजे पालिकेची हद्द वाढली तेव्हा शहरात आलेल्या भागातली, कुठलीही नवी कॉलनी घ्या. मागच्या कॉलनीतलं घर आणि आपलं घर यांच्या मधी बऱ्याचदा एक कंपाऊंडची भिंत सोडून काही नसतंय. गच्चीवरून गप्पा मारता येतात. पण चालत जायचं म्हटलं की आधी आपल्या कॉलनीच्या कमानीतून बाहेर, मग मेन रोडनं ट्रकच्या कडंकडंनं, मग त्यांच्या कमानीतून आत. उलट कसब्यातनं, बुधवार पेठेतनं, साखर पेठेतनं कुठं जायचं असलं की एक गल्ली बंद असली तरी चार गल्ल्या चालू असतात, मिरवणूक असो की खोदकाम. हा फरक का पडला, आणि आता काही करता येतंय का, यावर बोलायचंय, कारण मला हा सोलापूरच्या पुढच्या शंभर वर्षांचा प्रश्न वाटतोय.

मोजायची पद्धत सोपी आहे. प्रत्येक चौकात किती रस्ते येऊन मिळतात ते बघायचं. जिथं रस्ता संपतो तिथं 1, तिठ्याला 3, सरळ चौकाला 4. सगळ्या गावाची सरासरी काढली की रस्ते एकमेकांना किती जोडलेले आहेत ते कळतं. रस्ते झाडाच्या फांद्यांसारखे पसरले असतील, म्हणजे एकातून एक फुटत जाऊन टोकाला बंद, तर ही सरासरी 2 च्या किंचित खालीच राहते आणि कुठल्याही दोन घरांमधी जायला नेमका एकच मार्ग असतो, तो अडला की विषय संपला. चौकटीच्या गावात मात्र तीन गल्ल्या पूर्वेला आणि तीन गल्ल्या दक्षिणेला जायचं असेल तर एक पाऊलही जास्त न चालता 20 वेगवेगळ्या वाटांनी जाता येतं. कागदावर काढून मोजा, 20 च येतात.

ख्रिस्तोफर बॅरिंग्टन-ली आणि ॲडम मिलार्ड-बॉल या दोघा संशोधकांनी ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनीच मिळून ऑनलाईन काढलेला, अख्ख्या जगाचा नकाशा घेऊन हेच मोजलं, आणि उपग्रहाच्या फोटोंवरून कुठला भाग कधी वसला तेही लावलं. त्यांचा निबंध 2020 ला आला. जास्त लोकसंख्येच्या 134 देशांपैकी 90 टक्के देशांत 1975 नंतरच्या नव्या वस्त्यांचे रस्ते आधीपेक्षा कमी जोडलेले निघाले, आणि 2000 नंतर सुधारणा दिसली ती फक्त 29 टक्के देशांत. अमेरिकेत बंद गल्ल्यांचं वेड सगळ्यात आधी आलं, तिथं 1930 च्या दशकात सरकारी गृहकर्जाची संस्थाच तसे नकाशे काढा म्हणून सांगत होती, पण तिथंही 1994 च्या आसपास हे टोकाला पोचलं आणि मग थोडं मागं फिरलं. म्हणजे फिरवता येतंय. पण त्यांची दुसरी गोष्ट मला जास्त लागली: जिथं आधीपासून रस्ते तुटक आहेत तिथंच पुढचेही तुटक होत जातात. घर पाडून नवं बांधता येतं, रस्त्याची आखणी मात्र एकदा प्लॉट विकले गेले की हलत नाही, दोन्ही बाजूचे शंभर मालक तयार कोण करणार?

आपल्याकडं 1992 ला हद्दवाढ झाली, आजूबाजूची गावं आत आली, आज पालिकेचं क्षेत्र 178 चौरस किलोमीटरच्या वर आहे. लोकसंख्या 2001 ला 8,72,478, 2011 ला 9,51,558, म्हणजे दहा वर्षांत नऊ टक्केच वाढ. माणसं हळू वाढली आणि जागा भराभर व्यापली, मधी मोकळी रानं, पुन्हा एक कॉलनी, पुन्हा रान. ही रानं अजून मोकळी आहेत म्हणूनच आत्ता बोलायला पाहिजे. तुमच्या भागातलं सांगा.

होटगीरोड_रिक्षा

दादा बरोबर पकडलंय. आसरा चौकातनं आत पॅसेंजर सोडायचं म्हटलं की पत्ता सांगणारा म्हणतो "अगदी मागंच हाय की ओ", आणि मागंच असतंय पण भिंतीच्या पलीकडं. परत फिरून मेन रोड, परत आत, तेवढा गॅस माझा जातोय आणि पॅसेंजरला वाटतं हा मुद्दाम फिरवून नेतोय. ॲम्ब्युलन्सवाल्यांचं तर याहून वाईट, रात्री कमानी एकसारख्या दिसतात, एका चुकीच्या कमानीत शिरला की शेवटपर्यंत जाऊन रिव्हर्स घ्यावा लागतो कारण टोकाला वळायला जागा नसते. मेन रोडवरच्या गर्दीतली निम्मी गाडी तर अशी शेजारच्या कॉलनीला निघालेली असते असं माझं मत आहे, पोरगं ट्यूशनला, बाई दळणाला.

जुळे_सोलापूरवाला

मी वेगळं बोलतो, राग मानू नका. आमची गल्ली टोकाला बंद आहे आणि आम्ही प्लॉट घेतला तोच त्यासाठी. पोरं रस्त्यावर क्रिकेट खेळतात, म्हाताऱ्या संध्याकाळी खुर्च्या टाकून बसतात, अनोळखी गाडी आली की सगळ्यांना कळतं. उद्या भिंत फोडली की दोन महिन्यांत तो शॉर्टकट होतो आणि बुलेटवाले फटाके फोडत जातात. पेठेत चार गल्ल्या चालू असतात म्हणता, पण प्रत्येक गल्लीतनं दुचाकी घुसते हेही सांगा की. जगातल्या 134 देशांचं मला माहीत नाही, माझ्या नातवाचं माहीत आहे.

आरेखक_निवृत्त

माझी सगळी नोकरी ले-आऊटचे नकाशे काढण्यात गेली, त्यामुळं हे असं का झालं ते सविस्तर सांगतो.

पहिलं कारण शेताचा आकार. आपल्याकडं भावाभावात वाटण्या होताना प्रत्येकाला रस्त्याला तोंड पाहिजे असतं, म्हणून जमिनीच्या लांबुळक्या पट्ट्या पडतात, तोंड अरुंद आणि आत खोल. असा एक गट विकला गेला, एन.ए. म्हणजे बिगरशेती झाला, की त्यात ले-आऊट एकच बसतो: मधनं एक रस्ता, दोन्ही बाजूला प्लॉट, शेवटी बांध. शेजारचा गट पाच वर्षांनी विकला जातो, त्याचाही मधनं एक रस्ता आणि शेवटी बांध. दहा गट झाले की दहा समांतर बंद रस्ते, आणि त्यांना आडवा जोडणारा एकही नाही, कारण आडवा रस्ता कुणाच्याच गटात पूर्ण बसत नाही. प्रत्येक नकाशा एकेकटा बघितला तर नियमात बसतो. ही गोष्ट नीट लक्षात घ्या, यात कुणी फसवणूक केली असं दर वेळी नसतं, तुकड्या-तुकड्यानं मंजुरी दिली की असंच होतं.

दुसरं, विकास आराखड्यात मोठे रस्ते दाखवलेले असतात, 12 मीटर, 18 मीटर, 24 मीटर. त्या मोठ्या रस्त्यांच्या मधला जो भाग राहतो तो ज्याच्या त्याच्या ले-आऊटवर सोडलेला असतो, आणि खरं चालणं-फिरणं तर त्या मधल्या भागातच होतं. डी.पी. रोड, म्हणजे आराखड्यातला हा मोठा रस्तासुद्धा एका सलग रेषेत होत नाही, ज्याची जमीन ताब्यात आली तेवढा तुकडा डांबरी होतो आणि पुढं काटेरी झुडपं.

तिसरं, ज्यांनी चांगल्या मनानं रस्ता बांधापर्यंत नेऊन ठेवला, की पुढच्यानं जोडून घ्यावा, तिथंही अडचण. काही मालक बांधाला लागून फूटभर पट्टी स्वतःच्या नावावर ठेवतात. पुढच्याला रस्ता जोडायचा असेल तर त्या फूटभराचे पैसे मोजा. नाही मोजले की भिंत. तुम्ही ज्या भिंती बघता त्यातल्या काहींच्या मागं ही गोष्ट आहे.

चौथं गुंठेवारी. 33 फूट बाय 33 फूट म्हणजे एक गुंठा, कागद करून विकला, मधी बोळाएवढी वाट सोडली. 2001 ला गुंठेवारीचा कायदा आला, प्लॉट नियमित करायची सोय झाली, लोकांच्या डोक्यावरची टांगती तलवार गेली, ते चांगलंच झालं. पण प्लॉट नियमित झाला तरी रस्ता होता तेवढाच राहतो.

आता महत्त्वाचं. डिसेंबर 2020 मधे राज्याची एकत्रित नियमावली आली, यूडीसीपीआर म्हणतात ती. त्यात ले-आऊट मंजूर करताना शेजारच्या जमिनीतल्या रस्त्यांशी मेळ घालणं आवश्यक आहे असं स्पष्ट कलम आहे. जुन्या नियमावल्यांतही अशा अर्थाचं असायचं. म्हणजे नवीन कायदा आणायची गरज नाही, आहे तो टेबलावर उघडून ठेवायची गरज आहे. मंजुरीच्या वेळी एकाच गटाचा नकाशा समोर न ठेवता आजूबाजूच्या आठ-दहा गटांचा एकत्र नकाशा ठेवला तरी निम्मं काम होतं.

साखरपेठ

पेठेतही बंद बोळ आहेत की ओ. आमच्याच वाड्याचा बोळ बंद आहे.

आरेखक_निवृत्त

@साखरपेठ आहेत, पण त्या बोळात पाच-सहा घरं असतात आणि तोंडाशी आलं की लगेच चालू गल्ली लागते. वळसा पडतो तो काही पावलांचा. हद्दवाढीत अख्खी कॉलनीच बंद बोळ झाली आहे, अडचण तिथं आहे.

कुंभारीची_लेक

हा धागा वाचून लिहावंसंच वाटलं. माझी आई विड्या वळायची, आत्ताही आमच्या नात्यातल्या बऱ्याच जणी वळतात. कारखान्यातनं पानं, तंबाखू, सूत आणायचं, घरी पानं भिजवून कापून विड्या वळायच्या आणि परत नेऊन द्यायच्या, तिथं बाया निवडून वाईट विड्या बाजूला काढतात, मग हजारी हिशोब. म्हणजे जाणं-येणं रोजचं आणि डोक्यावर किंवा काखेत ओझं. आधी पूर्व भागात राहायचो तेव्हा आई चालत जायची, वाटेत मावशीचं घर, वाटेत भाजी, वाटेत बालवाडीत भावाला सोडायचं, एका फेरीत चार कामं. गल्ल्या एकमेकींना जोडलेल्या असल्या की बाईचं चालणं असं असतंय, एका सरळ रेषेत घर ते काम असं नसतंय. हे प्लॅन काढणाऱ्या लोकांच्या लक्षात येत नाही.

कुंभारीला 2006 ला विडी कामगार बायांसाठी 10,000 घरांची वसाहत झाली, गोदूताई परुळेकर. स्वतःच्या नावावरचं पक्कं घर मिळालं, त्यासाठी बायांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, त्याचं मोल मी कधीच कमी करणार नाही. आणि गंमत बघा, आतले रस्ते तिथं चांगले सरळ आहेत, एका गल्लीतनं दुसरीत जाता येतं, कोपऱ्यावर दुकानं आहेत, त्यामुळं आत वस्ती जिवंत आहे. पण सगळी वसाहत शहराला जोडली गेली ती मुख्यतः अक्कलकोट रोडनं. रोडवर काही झालं की आम्ही अडकलो. नंतर रे नगर झालं, 30,000 घरांची योजना, त्यातल्या 15,000 घरांच्या चाव्या जानेवारी 2024 मधे दिल्या. एवढी माणसं म्हणजे एक तालुक्याचं गाव झालं की. नुसतं आतले रस्ते सरळ असून भागत नाही, शहराकडं येणाऱ्या वाटा पण तीन-चार पाहिजेत, आणि मधल्या मोकळ्या रानात उद्या ज्या कॉलन्या होतील त्यांनी त्या वाटा अडवू नयेत. मधल्या कॉलन्यांनी भिंती घातल्या तर आमच्या बायका कायमच्या हायवेनं चालणार.

पेठेतला_सोलापूरकर

@कुंभारीची_लेक अक्का, आत सरळ आणि बाहेर एकच दोर, हा फरक माझ्या लिहिण्यात आलाच नव्हता. आणि एका फेरीत चार कामं हे तर सगळ्यांनी वाचावं.

पाईपलाईन_अण्णा

रस्त्याबद्दल बोलताय पण रस्त्याखालचं कुणी बोलेना. पाण्याची लाईन रस्त्यानंच जाते. रस्ता बंद तर लाईन बंद टोकाची. जोडलेल्या गल्ल्यांत लाईन जाळ्यासारखी टाकता येते, एका बाजूनं फुटली तर दुसऱ्या बाजूनं पाणी फिरवता येतं, व्हॉल्व्ह बंद करून तेवढाच तुकडा दुरुस्त करायचा. बंद टोकाच्या लाईनीत फुटलं की पुढची सगळी घरं कोरडी. शिवाय शेवटच्या घराला दाब सगळ्यात कमी, आणि टोकाला पाणी साचून राहतं, तिथं क्लोरीन उतरलेलं असतं, गाळ बसतो, पहिलं पाणी पिवळं येतं म्हणून लोक ओरडतात ते त्यामुळं.

सोलापूरला पाणी उजनीवरनं शंभर किलोमीटरच्या वरनं येतंय, शिवाय भीमेवरच्या टाकळीचं आणि हिप्परग्याच्या तलावाचं, आणि एवढं सगळं करून नळाला येतं ते काही दिवसांआड. ज्या दिवशी येतं त्या दिवशी टोकाच्या घराला मोटार लावल्याशिवाय मिळत नाही, मग मधला पण मोटार लावतो, आणि टोकाचा आणखी कोरडा. ड्रेनेजचंही तसंच, उतार पलीकडच्या कॉलनीकडं असतो, पण वाट नाही म्हणून लाईन उलट्या दिशेनं खोल खोल खोदत मेन रोडला आणायची. खर्च दुप्पट आणि चेंबर तुंबणार ते वेगळंच. दोन कॉलन्यांमधी तीन मीटरची जरी पट्टी पालिकेच्या ताब्यात असती तरी पाणी, ड्रेनेज, केबल सगळं तिथनं गेलं असतं.

पेठेतला_सोलापूरकर

@जुळे_सोलापूरवाला काका, तुमच्या नातवाचा मुद्दा खरा आहे आणि तो सोडून पुढं जायचं नाही मला. पण गाडीला बंद आणि माणसाला बंद या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. नेदरलँड्समधे हाउटन नावाचं गाव आहे, तिथं कारला एका भागातनं दुसऱ्या भागात जायचं तर बाहेरच्या रिंग रोडवर जाऊन परत आत यावं लागतं, आणि सायकल आणि पायी चालणारा मात्र मधनं सरळ जातो. म्हणजे शांत गल्ली राहिली आणि वळसा गाडीला पडला. आपल्याकडं नेमकं उलट झालंय, गाडीवाल्याला वळसा दोन मिनिटांचा, चालणाऱ्याला वीस मिनिटांचा, तोही उन्हाळ्यात. सोलापूरचा मे महिना कुणाला सांगायला पाहिजे का? तुमच्या टोकाच्या भिंतीत दीड मीटरची वाट, मधी लोखंडी खांब, वर दिवा. बुलेट जाणार नाही, शाळेचं पोरगं जाईल.

अमदाबादेत_सोलापूरकर

नोकरीमुळं गुजरातेत आहे, इथली पद्धत सांगतो कारण ती मूळची आपल्याच जुन्या मुंबई प्रांताची आहे. 1915 चा बॉम्बे टाऊन प्लॅनिंग ॲक्ट, त्यात टी.पी. स्कीम. शंभर-दोनशे शेतांचा पट्टा एकत्र घ्यायचा, बांध बाजूला ठेवून आधी रस्ते आखायचे, बाग, शाळा यांना जागा काढायची, आणि उरलेली जमीन प्रत्येक मालकाला चौकोनी करून परत द्यायची. जमीन कमी होते, अगदी 40 टक्क्यांपर्यंतही, पण राहिलेल्या प्लॉटला दोन बाजूंनी रस्ता मिळतो आणि भाव चढतो, म्हणून मालक तयार होतात. कुणाचीच जमीन अख्खी जात नाही, सगळ्यांची थोडी थोडी जाते. आरेखक काकांनी सांगितलेली लांबुळकी पट्टी इथं संपते कारण पट्टीच राहत नाही. महाराष्ट्राच्या 1966 च्या नगररचना कायद्यातही टी.पी. स्कीमचं प्रकरण आहे, पुण्याजवळ माण-म्हाळुंगेला आणि पनवेलकडं नैना भागात, म्हणजे नवी मुंबई विमानतळाच्या आसपासच्या पट्ट्यात, अशा स्कीम हातात घेतल्या आहेत. सोलापूरच्या कडेच्या मोकळ्या रानांना हे का लागू नये? वेळ खूप लागतो हे खरं, इथंही वर्षानुवर्षं फाईल फिरते. तरी रस्ता आधी आणि घर नंतर हा क्रम पाळला जातो.

पूल_आणि_बोगदे

एक राहिलंच. आपल्या शहराला रेल्वे लाईननं आधीच चिरलंय. मुंबई-चेन्नई मेन लाईन मधनं जाते, ओलांडायला भैय्या चौक, मोदी बोगदा, आसरा पूल अशा मोजक्याच जागा. त्यातली एक जागा कामासाठी बंद झाली की पूर्ण विजापूर रोडचा भाग तुटल्यासारखा होतो. बंद पडलेल्या गिरण्यांच्या जागाही अशाच, मोठमोठे पट्टे, पूर्वी आत भोंगा आणि कामगार होते म्हणून भिंत लागायची. आता तिथं नवीन बांधकाम होताना तरी आरपार रस्ते काढून घ्यायला पाहिजेत, शहराच्या ऐन मध्यात अशी संधी परत येणार नाही.

जुळे_सोलापूरवाला

@पेठेतला_सोलापूरकर खांब लावून पायवाट, याला माझा विरोध नाही. पण दिवा कोण लावणार आणि बंद पडला तर कोण बदलणार हे आधी ठरलं पाहिजे. आमच्या ओपन स्पेसमधला दिवा बंद पडला तर आम्हीच वर्गणी काढतो. अंधारी वाट काढून दिली तर सगळ्यात आधी आमच्या सुना तिथनं जायच्या बंद होतील, मग उपयोग काय? गाडीचा रस्ता मात्र नकोच, यावर मी ठाम आहे.

कुंभारीची_लेक

काका दिव्याचं शंभर टक्के बरोबर. आणि वाटेवर दोन्ही बाजूला उंच भिंती नकोत, खिडक्या, गॅलऱ्या त्या वाटेकडं पाहिजेत. भिंतींच्या मधनं जाणारी वाट बाईमाणूस घेत नाही.

बाळे_नवीन

पहिल्यांदाच लिहितोय. आमची कॉलनी नवी आहे, मागं अजून ज्वारीचं रान आहे, पण मोजणीवाले येऊन खांब रोवून गेलेत, बहुतेक एन.ए. होणार. आमचा रस्ता त्या बांधापाशी संपतो. रानाच्या पलीकडं झेड.पी. ची शाळा आहे, आत्ता पोरं बांधावरनं जातात. आम्ही नेमकं काय करावं, कुणी सांगेल का? उशीर झालाय का?

आरेखक_निवृत्त

@बाळे_नवीन उशीर अजिबात नाही, हीच वेळ आहे. आधी तुमच्या स्वतःच्या ले-आऊटची मंजूर प्रत काढा. त्यात तुमचा रस्ता अगदी हद्दीच्या रेषेपर्यंत दाखवलाय की अलीकडं कुठं प्लॉट किंवा पट्टी आहे ते बघा, सगळं त्यावर ठरतं. मग मागच्या गटाचा सातबारा ऑनलाईन बघा, मालक कोण ते कळेल, आणि विकास आराखड्याचा तेवढ्या भागाचा उतारा नगररचना विभागातनं घ्या, तिथनं डी.पी. रोड जातोय का हे त्यात दिसेल. यानंतर सोसायटीच्या लेटरहेडवर पालिकेच्या नगररचना विभागाला अर्ज द्या की मागच्या गटाचा ले-आऊट मंजुरीला येईल तेव्हा यूडीसीपीआरमधल्या शेजारच्या रस्त्यांशी मेळ घालण्याच्या तरतुदीप्रमाणं आमचा रस्ता पुढं चालू ठेवावा, सोबत दोन्ही गटांचा एकत्र नकाशा आणि शाळा कुठं आहे ते दाखवा. अर्जाची पोच घ्या, शिक्का आणि आवक नंबरसकट. तोंडी सांगून येऊ नका. मालकालाही भेटा, शाळेकडं रस्ता निघाला तर त्याचे मागचे प्लॉट लवकर जातील हे त्याला पटतं, मी पटलेलं बघितलंय.

आणि सुधारित विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला की 1966 च्या कायद्याच्या कलम 26 खाली हरकती-सूचना मागवतात, तेव्हा हाच अर्ज परत द्यायचा. मंजूर प्रत हातात आली की बघून सांगा, एकत्र नकाशा मी काढून देतो.

बाळे_नवीन

काका, सोमवारी नगररचनाला जातो. आमच्यातल्या एकाकडं मंजूर प्रतीची झेरॉक्स आहे म्हणे, आज रात्री बघतो. त्यात रस्त्याच्या टोकाला बारीक अक्षरात काहीतरी लिहिलंय असं तो म्हणत होता, फोटो टाकतो इथं.